कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर पायी, पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आपल्या सोलापुरात एकच विषय निघतो, यंदा तुळजापूरला चालत कोण कोण येतंय. गल्लीतल्या कट्ट्यावर, कारखान्यात, कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळीकडं तेच. आणि दरवर्षी ग्रुपमध्ये एखाद दोघं नवीन असतात, आजवर एसटीनं नाहीतर बाईकवर गेलेले, ते हळूच विचारतात की 45 किलोमीटर मला जमेल का वो. त्यांच्यासाठी हे लिहितोय. जमतंय. तयारी नीट असली तर साठीच्या पुढच्या मावश्या पण रात्रीत पोचतात, आणि तयारी न करता निघालेली जिमवाली पोरं निम्म्या वाटेवरच्या तामलवाडीच्या अलीकडंच रस्त्याकडेला पाय धरून बसलेली दिसतात.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधी सांगून टाकतो. नवीन माणूस सगळा प्लॅन दर्शनाचा करतो. किती वाजता पोचू, रांग केवढी असेल, पास मिळेल का, ओळखीचे पुजारी आहेत का. रस्त्याचा प्लॅन काहीच नसतो, तो फक्त संपवायचा असतो. पण देवीसमोर तुम्हाला मिळणार काही सेकंद, मागनं रेटा आणि कानाजवळ पुढं चला पुढं चला. रस्ता मात्र अख्खी रात्र तुमचा आहे. मी तर म्हणेन आई रस्त्यातच भेटते, मंदिरात आपण नुसतं आलो म्हणून सांगायला जातो. म्हणून तयारी रस्त्याची करा.

कोजागिरीलाच का जायचं, हे माहीत असलं की चालण्याला वेगळाच जोर येतो. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते, आणि वर्षातनं तीनदा देवी पलंगावर निद्रेला जाते. नवरात्राच्या आधी घोर निद्रा, घटस्थापनेला ती उठून सिंहासनावर येते, नऊ दिवस युद्ध, दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मग त्या युद्धाचा शीण म्हणून श्रमनिद्रा. तिसरी मोहनिद्रा, ती पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. ही दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा संपते अश्विन पौर्णिमेच्या पहाटे. म्हणजे बघा, आपण रात्रभर चालत असतो तेव्हा आई झोपलेली असते, आणि आपण पोचेपर्यंत ती उठून सिंहासनावर बसलेली असते. सोलापूरच्या मानाच्या काठ्या पण पौर्णिमेला तिथं पोचतात, छबिना म्हणजे देवीची मिरवणूक निघते. हे सगळं मनात ठेवून चाललं की पाय दुखत असताना सुद्धा उगाच आलो असं वाटत नाही. फक्त एक करा, कोजागिरी आणि पौर्णिमा तिथीप्रमाणं कधी कधी वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर न जाता मंदिराचं त्या वर्षीचं पत्रक पेपरात येतं ते बघूनच दिवस ठरवा.

पाय आधी तयार करा

किमान महिनाभर आधी सुरुवात पाहिजे. रोज सकाळी नाहीतर जेवण झाल्यावर 4-5 किलोमीटर, आणि दर रविवारी थोडं वाढवत न्यायचं, 10, मग 15, आणि निघायच्या आठवडा दहा दिवस आधी एकदा तरी 20 च्या आसपास. सगळ्यात चांगला सराव म्हणजे गावातल्या रूपाभवानीच्या देवळापासून हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन परत यायचं. रस्ता तोच आहे, त्यामुळं ब्रिटिशांच्या काळातल्या त्या तलावाजवळचा वारा, हायवेचा डांबर, कडेची खडी सगळं पायाला आधीच ओळखीचं होतं. यातला एक सराव संध्याकाळनंतर करा, कारण रात्री चालणं वेगळंच असतं, जमिनीचा अंदाज येत नाही आणि झोप कधी गाठते ते स्वतःला कळलेलं बरं.

अजून एक सांगतो जे बाहेरच्या गावच्या माणसाला सुचणार नाही. आपल्याकडं अडुसष्ट लिंगं आहेत की. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाच्या पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापन केली, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या घेऊन, बाराबंदी हा पारंपरिक पांढरा अंगरखा घातलेली मंडळी त्यांना तैलाभिषेकाला जातात, आणि श्रावणात कित्येक लोक ही प्रदक्षिणा पायी करतात. श्रावण आणि अश्विन यात दीड दोन महिने मिळतात, म्हणजे श्रावणात अडुसष्ट लिंग पायी केलं तर तुळजापूरचा निम्मा सराव आपोआप होतो आणि आपल्याच गावातली आपण कधी न बघितलेली देवळं बघून होतात, एखादं लिंग कुणाच्या घराला लागून, एखादं भर बाजारात. सोलापूरचा माणूस चालायला का घाबरत नाही ते यातच आहे, इथला मोठा उत्सवच चालण्याचा आहे. आषाढीला गजानन महाराजांची पालखी शेगावहून याच वाटेवरच्या उळ्यावरून आपल्या गावात येते आणि पुढं तिऱ्हे, मंगळवेढा करत पंढरपूरला जाते, ती बघत लहानाचे मोठे झालो आपण.

बूट, चप्पल का अनवाणी

नवीन बूट घेऊन निघू नका. नवरात्राच्या सेलमध्ये घेतलेले पांढरेशुभ्र बूट उळ्याच्या पुढं हातात घेऊन चालणारी माणसं दरवर्षी दिसतात. सरावात जे वापरलंय तेच घाला. लांब चालल्यावर पाय थोडा सुजतो, त्यामुळं पुढं अंगठ्याला जागा पाहिजे. मोजे सुती पातळ नकोत, घाम धरतात आणि फोड तिथंच येतो, खेळाचे जाडसर मोजे घ्या आणि एक जोडी जास्तीची पिशवीत ठेवा, तामलवाडीला बदलायची. नखं निघायच्या दोन तीन दिवस आधी कापा, त्याच दिवशी कापली तर कोपरे टोचतात. टाचा, बोटांच्या मधे आणि मांड्यांना व्हॅसलीन. मांड्या घासण्याबद्दल कुणी बोलत नाही पण फोडापेक्षा तो त्रास जास्त माणसांना बसवतो, विशेषतः जीन्स घालून निघालेल्यांना. सैल, घाम सुकेल असे कपडे घाला.

अनवाणी जायचा ज्यांचा नवस आहे त्यांना मी बूट घाला म्हणणार नाही, तो तुमचा आणि आईचा विषय आहे. पण मग सरावही अनवाणी करा, निदान शेवटचे पंधरा दिवस घराबाहेर चप्पल घालू नका, पुष्कळ जण तसंही नवरात्रात चप्पल सोडतातच. दिवसा ऊन असताना चालायची वेळ आली तर रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा डांबरापेक्षा गार असतो, वाहनं बंद असतील तिथं त्यावरून चाला. आणि ज्यांना शुगर आहे त्यांना मात्र हात जोडून विनंती, अनवाणी जाऊ नका. शुगरनं पायाची जाणीव कमी झालेली असते, काच घुसली तरी कळत नाही आणि पुढं ती जखम महिनोन् महिने भरत नाही. चालायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, बूट घालून, आणि दर तासा दोन तासानं मोजे काढून तळवा बघत. नवस बोलताना आईला सांगितलं तरी चालतंय की पायात बूट असतील.

पिशवीत काय

जितकं कमी तितकं बरं. रस्त्यात खायला प्यायला इतकं मिळतं की घरनं डबे नेणं म्हणजे ओझं वाहणं. एक पाण्याची बाटली, छोटी टॉर्च, पॉवर बँक, चादरीऐवजी एखादी शाल, पावसासाठी प्लास्टिकचा मोठा कागद कारण परतीचा पाऊस कधी कधी अश्विनात पण गाठतो, ओआरएसची पाकिटं, पट्ट्या, कापूस, कागदी चिकटपट्टी, रोजच्या गोळ्या असतील तर त्या, आणि सुट्टे पैसे. ओआरएस संपलं तर 1 लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ, हे घरी आधीच पुड्या बांधून ठेवता येतं. खायचं म्हणाल तर आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, बस. खराब होत नाही, सांडत नाही, चालता चालता तोडून खाता येते. बायकांनी पॅड जवळ ठेवावेत, लागोत न लागोत, रात्री दोन वाजता हायवेवर दुकान शोधायला नको. पोरं बरोबर असतील तर प्रत्येकाच्या खिशात घरच्या दोन नंबरांची चिठ्ठी, मोबाईलवर भरवसा नको कारण गर्दीत नेटवर्क जाम होतं.

निघायचं कधी आणि किती वेगानं

बहुतेक जण रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघतात आणि ते बरोबर आहे, तिथं नारळ फोडून उदो म्हटलं की मग घर डोक्यातनं जातं. वेळ म्हणाल तर ऊन उतरल्यावर, साडेचार पाचच्या सुमारास. ऑक्टोबरचं सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, दुपारी निघालेला माणूस उळ्यालाच निम्मा होतो. ताशी 4 किलोमीटर धरलं तर नुसतं चालणं अकरा साडेअकरा तास, आणि बसणं, चहा, गर्दी धरून तेरा चौदा. म्हणजे संध्याकाळी निघालं की सकाळी सहा सात ला तुळजापूर. यापेक्षा लवकर पोचून काही बक्षीस नाही.

पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू चाला. हे सगळ्यात अवघड आहे कारण तेव्हाच अंगात सगळ्यात जास्त जोर असतो, संबळ वाजत असतो, हलग्या, डीजे, पोरं पळत असतात, आई राजा उदो उदो चालू असतं, आणि तुम्हाला पण पळावंसं वाटतं. नका पळू. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग जास्त झाला असं समजा. दर तासाला पाच मिनिटं उभं राहून पाय मोकळे करा, आणि पंधरा मिनिटांच्या वर कुठंही बसू नका, बसलं की पोटऱ्या आखडतात आणि उठताना जीव जातो.

हायवेवरची वाहतूक या दिवसांत प्रशासन दुसरीकडनं वळवतं, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत ते दरवर्षी पेपरात येतं. ती सुरू व्हायच्या आधी निघणार असाल तर समोरून गाडी येताना दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनं, एकामागं एक चाला आणि पाठीला चमकणारी पट्टी चिकटवा, सायकलच्या दुकानात मिळते. वाहतूक बंद असली तरी ॲम्ब्युलन्स आणि पोलिसांच्या गाड्या येतात, त्यामुळं कानात इयरफोन घालून रस्त्याच्या मधून चालू नका. आणि खरं सांगू का, या रस्त्यावर इयरफोन घालणं म्हणजे काय गमावताय ते तुम्हाला माहीत नाही. पुढं विजापूर, कलबुर्गीकडची मंडळी कानडीत देवीची गाणी म्हणत असतात, मागं तेलंगणातला जथा तेलुगूत, मधे आपली सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषेत उदो करतात. आपल्या गावात रोज या तिन्ही भाषा ऐकतोच आपण, पण त्या एका रात्री तिन्ही एकाच दिशेनं चाललेल्या असतात.

रस्त्यातलं खाणं, आणि खायला घालणारी माणसं

हिप्परगा, उळे, तामलवाडी, माळुंब्रा, सिंदफळ असा रस्ता आहे आणि या सगळ्या पट्ट्यात मंडप टाकलेले असतात. केळी, चहा, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या, औषधं, पाय चेपून देणारे. सगळं फुकट. नवीन माणूस पहिल्या तीन मंडपांतच पोट भरून घेतो आणि मग पुढं पोट घेऊन चालतो. दोन दोन तासांनी थोडं थोडं खा. खिचडी जड असते, चार घास बास. कोजागिरी असल्यामुळं मसाला दुधाचे पेले पण समोर येतात, अर्धा घ्या, चालताना दूध पोटात घुसळतं. चहा दोनदा तीनदाच, पाणी मात्र तहान लागायच्या आधी घोट घोट. उपवास असला तरी पाणी आणि मीठ साखर सोडू नका.

या खायला घालणाऱ्या माणसांशी दोन शब्द बोला. यातले बरेच जण पूर्वी स्वतः चालणारे असतात, गुडघे गेले, बायपास झाली, घरी म्हातारं माणूस अंथरुणाला, म्हणून चालता येत नाही, मग ते रात्रभर कढईसमोर उभे राहतात. त्यांची पण ही यात्राच आहे, फक्त ते एका जागी उभे राहून करतात. मी अनेक वर्षं विचार करतोय की एसटी आहे, घरोघरी गाडी आहे, फोनवर लाईव्ह दर्शन आहे, तरी ही गर्दी दरवर्षी वाढतीच का. मला तर कारण या मंडपांतच दिसतं. एरवी आपल्याला कोण विचारत नाही पाय दुखतोय का म्हणून. इथं ओळख ना पाळख, माणूस तुमच्या पायाला तेल लावायला खाली बसतो आणि तुम्हाला माऊली म्हणतो. गाडीनं गेलं की हे मिळत नाही, गाडी या सगळ्याच्या बाजूनं जाते.

म्हणूनच पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे ग्लास रस्त्यावर टाकू नका वो. सकाळी त्या शेतांच्या बांधावर जो कचरा असतो तो बघवत नाही, जनावरं खातात. एक पिशवी बॅगेला बांधून ठेवा, पुढच्या मंडपाच्या डब्यात रिकामी करा.

तामलवाडीच्या पुढं

तामलवाडी म्हणजे साधारण निम्मं आणि इथं धाराशिव जिल्हा लागलेला असतो. इथंच ठरतं. मोजे बदला, पाय कोरडे पुसा, तळवा टॉर्चनं बघा. कुठं लाल होऊन चुरचुरत असेल तर तिथं फोड यायच्या आधीच चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका, वरनं कापूस ठेवून झाका, आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्यानं धुऊन पट्टी. वेदनेच्या गोळ्या घेत घेत चालू नका, दुखणं दाबलं जातं आणि गुडघ्याचं वाटोळं होतं. छातीत दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, लघवी अजिबात न होणं, उलट्या, यातलं काही झालं तर सरळ आरोग्य पथकाकडं जा आणि तिथंच थांबा. आई रागावत नाही, तिनं पण दसऱ्यानंतर विश्रांती घेतलेलीच असते.

रात्री दोन ते चार हा सगळ्यात वाईट टप्पा. गाणी बंद पडतात, पोरं गप्प होतात, झोप डोळ्यावर येते. ग्रुपचा खरा उपयोग इथं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं घ्या, त्याच्या वेगानं सगळे चाला, तो मागं राहिला की तो हरवतोही आणि खचतोही. कुणाला गाणं येत असेल तर म्हणायला लावा, नाहीतर नुसतं उदे गं अंबे उदे एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, तेवढ्यावर दोन तीन किलोमीटर जातात. बायकांनी टॉयलेटला एकटं लांब जाऊ नये, पेट्रोल पंप, ढाबे, फिरती शौचालयं बघून ठेवावीत, जोडीनं जावं. त्यासाठी पाणी कमी पिणं हा उपाय नाही, त्यानंच चक्कर येते.

सिंदफळच्या पुढं शेवटचा चढ. तुळजापूर बालाघाटच्या डोंगरात वर आहे त्यामुळं सगळ्यात थकलेले असताना चढायचं असतं. पावलं छोटी टाका, अंग थोडं पुढं झुकवा, वर किती राहिलं ते बघूच नका.

दर्शन आणि परत येणं

मंदिरात उतरायला पायऱ्या आहेत आणि चालून आखडलेल्या पायाला चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं, कडेनं कठड्याला धरून तिरकं उतरा. कल्लोळ तीर्थ आणि गोमुखाचं पाणी डोळ्याला, पायाला लावा, रात्रीचा निम्मा शीण तिथं जातो. पौर्णिमेला धर्मदर्शनाची, म्हणजे बिनापासची रांग काही तासांची असते. उभं राहायची ताकद नसेल तर लांबूनच मुखदर्शन घ्या, नाहीतर कळसाला हात जोडा, त्यात काहीही कमी नाही. रात्रभर तुम्ही तिच्याकडंच चालत होता.

परत मात्र चालत येऊ नका, आणि रात्रभर जागलेल्या माणसाच्या बाईकवर मागं बसून तर अजिबात येऊ नका. एसटीच्या जादा गाड्या असतात, गर्दीमुळं त्या तात्पुरत्या जागेवरून सुटतात, उतरल्या उतरल्या पोलिसांना विचारून जागा बघून ठेवा.

घरी आल्यावर कोमट मिठाच्या पाण्यात पाय, जेवण, झोप. फोड फुटले असतील तर मिठाच्या पाण्यात न घालता नुसते धुऊन कोरडे ठेवा. दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून न राहता घरातल्या घरात थोडं फिरा, पोटऱ्या लवकर सुटतात. तीन चार दिवसांत जखम लाल, गरम झाली, पू दिसला किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागली तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांकडं जा.

आणि पहिल्याच वर्षी पौर्णिमेची गर्दी नको वाटत असेल तर कुंभारी, वळसंगवरून अक्कलकोटला जा, 40 किलोमीटरच्या आसपास आहे, वाटेत वळसंगला बाबासाहेब आंबेडकर 1937 ला जिचं पाणी प्यायले ती विहीर आहे तिथं थांबता येतं, आणि अक्कलकोटला स्वामींच्या अन्नछत्रात दुपारचा महाप्रसाद मिळतो. वाहतूक मात्र तिथं तुमच्यासाठी कुणी वळवत नाही, तेवढं कडेनं चाला.